सोळा मिलिमीटर

जुन्या पुलावरून एसटी जायची
तेव्हा मी दणके मोजायचे.
धड्. धड्. मधे श्वासभर रस्ता.
धड्. धड्.
सीना ओलांडली, हे डोळे मिटूनही कळायचं.

पुढे शिकले तेव्हा समजलं,
तो आवाज म्हणजे पुलाला वाढायला ठेवलेली जागा.
उन्हात पूल लांबतो, त्याला कुठेतरी अंग पसरावं लागतं.
म्हणून तुकडे, तुकड्यांत फटी, फटीत रबर.
रबर फाटलं की पाणी, पाण्यामागून गंज,
आणि सगळ्यात खाली बेअरिंगं,
ज्यांच्याकडे टेंडर निघाल्याशिवाय
कुणी वाकून बघत नाही.

नवा पूल माझ्याकडे आला तो तीन गठ्ठ्यांत.
वरचा भाग एका कचेरीचा, पाया दुसरीचा,
बांधणारा ठेकेदार तिसरीकडे,
आणि तिघांच्या कागदांवर तीन तारखा.
फटी तिथूनच सुरू झाल्या होत्या.

मी लिहिलं: सांधा नको. बेअरिंग नको.
वरचा स्लॅब आणि टोकाच्या भिंती एकाच अंगाच्या.
चाळीस मीटर लांबी, पस्तीस अंशांचा फरक,
वाढ सोळा मिलिमीटर.
निम्मी सोलापूरकडे, निम्मी पलीकडे.
तेवढं खालचे सडपातळ पाईल वाकून घेतील.
काळी माती नाही घेणार, ती स्वतःच फुगते, भेगाळते;
भिंतीमागून ती काढा, मुरूम भरा.

कोपऱ्याचं ड्रॉइंग साइटवर पोचलं
आणि हुसेनसाब नदाफांचा फोन:
"मॅडम, कागदावर बसतंय ओ.
हितं माझी करंगळी आत जाईना,
काँक्रीट कुठनं जाणार?"

गेले. त्यांनी बांधणीच्या तारेचा
काडेपेटीएवढा कोपरा करून ठेवला होता,
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर.
"ह्ये तीन तुकडे कशाला? एकच लांब गज घ्या की.
वरनं यिऊ द्या, वळू द्या, खाली उतरू द्या."
सात वर्षं मी गज काढत होते,
एकही कधी वाकवला नव्हता.

मग टेबलच पत्र्याच्या शेडमध्ये नेलं.
पायलिंगवाले चन्नप्पा, क्रेनचा रियाज,
पुण्याची कचेरी फोनच्या स्पीकरवर,
कुलरमध्ये पाणी नाही, ड्रॉइंगवर शेंगाचटणीचं तेल.
आधी क्रेन किती उचलेल ते विचारलं, मग पिंजरा आखला.
अडतीस कागदांचे एकवीस झाले.
पिंजरा जमिनीवर उभ्याउभ्या बांधला,
एका दुपारी उचलून बसवला.
अकरा दिवस वाचले. बिल काढताना
ते अकरा दिवस कुठल्या रकान्यात लिहायचे, कळेना.

घरी अण्णांना सांगितलं.
जन्मभर जेकार्डची कार्डं पाडली त्यांनी,
मागांच्या खडखडाटात कान दिले.
मोठ्याने सांगावं लागलं, अर्धं हातवाऱ्यांनी.
म्हणाले, "मग आम्ही काय करत होतो?
मोर आधी काढून मग चादरीला चिकटवतात का?
भोक पाडतानाच धागा कसा उचलणार ते बघायचं."
आणि टीव्ही लावला.

पूल सुरू झाला त्या संध्याकाळी त्यांना घेऊन गेले.
ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांचा.
अण्णांनी कठड्यावर तळवा ठेवला,
मागावर ठेवायचे तसा,
बराच वेळ.
"दणका कुठाय?" विचारलं त्यांनी.
मी खाली बोट दाखवलं, मातीकडे.
त्यांना पटलं असं वाटलं नाही.

मे महिन्यात, दुपारी तीनला, एकटीच गेले.
पारा त्रेचाळीस. पुलाखाली शेळ्या बसलेल्या.
भिंतीला लावलेली पट्टी वाचायला गुडघ्यांवर बसले.
मागच्या थंडीतल्या खुणेपासून
सात.

मी आठ लिहिले होते.
उरलेला एक
अजून शोधतेय.